चावी काढली तरी इंजिन धडधडतंय? आधी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवा

“चावी काढून खिशात घातली, तरी गाडी बंद होईना.” फोनवर असं कुणी म्हणालं की मी आधी विचारतो, इंजिन चालतंय का पंखा? हसू नका. सांगलीच्या एप्रिलच्या उन्हातून आलेल्या गाडीचा रेडिएटरचा पंखा चावी काढल्यावरही थोडा वेळ फिरतो. त्याला घाबरून बॅटरीची वायर उपटणारी माणसं मी पाहिली आहेत.

खरंच इंजिन चालत असेल, तर आवाज ऐका. आचके देत, थडथडत, कसंबसं चालतंय? मग ठिणगी बंद झाली आहे, पण आतला तापलेला कार्बन पेट्रोल पेटवतोय. काही झालंच नाही असं सुरळीत चालतंय? मग ठिणगी अजून पडतेय, दोष वायरिंगमध्ये आहे. एवढं ऐकायला दहा सेकंद लागतात, पण हातात स्क्रू ड्रायव्हर असला की कुणाला दम निघत नाही.

सगळ्यात जास्त वैताग आणणारी चूक म्हणजे स्लो, म्हणजे रेस न देता इंजिन चालण्याचा वेग, वाढवून ठेवणं. कार्ब्युरेटरच्या, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळणाऱ्या भांड्याच्या, जुन्या गाडीत चावी फक्त ठिणगी तोडते. पिस्टन फिरतोय तोवर हवा ओढली जाते आणि तिच्यासोबत स्लो जेटच्या बारीक भोकातून पेट्रोलही येतं. थ्रॉटलची, म्हणजे हवेची वाट उघडझाप करणारी, पट्टी नीट मिटलेली असेल तर त्यावर इंजिन तग धरत नाही. पण सकाळी गाडी बंद पडते म्हणून नवशिक्याने स्लोचा स्क्रू दोन आटे आवळलेला असतो, पट्टी उघडी राहते आणि इंजिनाला चरायला रान मोकळं मिळतं. सकाळी बंद पडण्याचं कारण वेगळंच असतं: जेटमध्ये कचरा, मॅनिफोल्डच्या गॅस्केटमधून हवा, नाहीतर चोक. ते शोधा. गरम इंजिनावर ८००-९०० आरपीएमच्या आसपास स्लो टिकत नसेल तर गाडी आजारी आहे. स्क्रू हे तिचं औषध नाही.

काही कार्ब्युरेटरवर स्लोचं पेट्रोल तोडणारा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा खटका, असतो. इंजिन बंद ठेवून चावी फिरवली की ‘टक्’ असा आवाज यायला हवा. मी बॉनेट उघडल्यावर पहिलं तेच ऐकतो. कित्येकदा नुसती वायर निघालेली असते, आणि मालक मात्र हेड उतरवायचा खर्च विचारत असतो.

तात्पुरता उपाय म्हणाल, तर वरचा गिअर टाका, ब्रेक घट्ट दाबा, चावी बंद करा आणि क्लच हळू सोडा. घाट चढून आलात तर बंद करण्याआधी मिनिटभर स्लोवर चालू द्या.

आटे जुळतात म्हणून दुसऱ्याच गाडीचा प्लग बसवू नका. त्याचं टोक लाल होऊन राहतं आणि तापलेल्या कार्बनसारखंच पेट्रोल पेटवतं. रेडिएटरमध्ये पाणी कमी ठेवू नका. आणि पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळणाऱ्यांना मी समजावणं सोडून दिलंय.

जुन्या मॅग्नेटवाल्या स्कूटरचा हिशेब उलटा आहे. तिथे स्विच ठिणगीची वीज गाडीच्या बॉडीत उतरवून, म्हणजे अर्थ देऊन, ठिणगी मारतो. अर्थची वायर तुटली की चावी काढा नाहीतर विहिरीत टाका, गाडी चालूच. चोक ओढून बंद करा. प्लगची टोपी हाताने उपटू नका, झटका बसतो.

१ एप्रिल २०२० पासून धुराच्या प्रदूषणाचा बीएस-६ नियम आला आणि बहुतेक नव्या दुचाक्यांचा कार्ब्युरेटर जाऊन पेट्रोल फवारणारं इंजेक्शन आलं. इंजेक्शनच्या गाडीत चावीबरोबर पेट्रोलही तुटतं. तरी ती चालूच राहिली तर आधी स्विच आणि रिले बघा. तिथे कार्बन क्लीनिंग विकणाऱ्याला चहा पाजून वाटेला लावा.

आता डिझेल. इथे ठिणगीच नसते, इंजिन बंद करायचं म्हणजे डिझेल तोडायचं. जुन्या ट्रॅक्टरला त्यासाठी स्टॉपची दांडी असते. एका गळीत हंगामात कवठेपिरानच्या बाजूला एका वस्तीवर मी हायड्रॉलिकचा पाइप बदलत होतो. शेजारी मालकाच्या पुतण्याने दुसऱ्या ट्रॅक्टरची सर्व्हिसिंग स्वतःच उरकली आणि स्टार्टर मारला. रेस चढली, उतरेचना. दांडी ओढली तरी चढतच गेली. काळा-निळा धूर, पत्रे थरथरायला लागले, पोरगं उडी मारून लांब पळालं.

मी ओरडलो, “एअर क्लीनरमध्ये किती ऑइल घातलंस?”

“मामा, मार्क लई खाली हुता, म्हणून काठोकाठ भरलं!”

ऑइलबाथ एअर क्लीनरमध्ये हवेतली धूळ वाटीतल्या ऑइलात अडकते, आणि त्या वाटीत ऑइल मार्कापर्यंतच घालायचं असतं. जास्त झालं की हवेबरोबर आत ओढलं जातं आणि इंजिन त्यावरच चालतं. मग डिझेल तोडून काय होणार? हवाच तोडावी लागते. मी एअर क्लीनरची वरची टोपी काढली आणि फळीचा सपाट तुकडा तोंडावर दाबला. हात किंवा फडकं कधीही लावू नका, ओढलं जातं. इंजिन घुसमटून बंद पडलं. टर्बोची (हवा दाबून आत भरणाऱ्या पंख्याची) सील गेली किंवा इंजिनच्या खालच्या चेंबरमध्ये ऑइल जास्त भरलं, तरी हाच प्रकार होतो. फळी हाताशी नसेल, आवाज टिपेला पोचला असेल, तर लांब व्हा. इंजिन नवं मिळतं.

धूर ओसरला तसं पोरगं परत आलं. “मामा, आता वाटी मार्कापर्यंत करतो आन् मारतो स्टार्टर.” सिलिंडरमध्ये ऑइल साचलेलं असताना स्टार्टर मारला तर ते दाबलं जात नाही, कनेक्टिंग रॉड वाकतो. आधी इनटेक पाइप उतरवून पुसायचा, इंजेक्टर काढायचे, इंजिन हाताने फिरवून ऑइल बाहेर काढायचं. अर्ध्या दिवसाचं काम. त्याचा हात बटणाकडे गेलाच होता. मी चावी काढून माझ्या खिशात घातली.