जळगाव-धुळ्यात बसून जगाच्या सायन्स अकॅडमीत कसं शिरायचं

पीएचडी चालू असलेल्या, नुकतीच संपलेल्या किंवा पीएचडी खिशात घेऊन सीएचबीवर (तासाच्या मानधनावर) तास मारणाऱ्या आपल्या खान्देशी पोरापोरींसाठी लिहितोय. अकॅडमी, म्हणजे निवडून घेतलेल्या शास्त्रज्ञांची संस्था, म्हटलं की आपल्याला वाटतं तो रिटायर व्हायला आलेल्या मोठ्या सरांचा मामला, आपलं काय काम तिथे, आणि घरचेही विचारतात, "तठे जाईसन काय करशी रे भो?" तर करण्यासारखं बरंच आहे, आणि त्यातलं निम्मं इथूनच होतं.

आधी थोडी ओळख. जर्मनीत 2000 साली तरुण संशोधकांची वेगळी अकॅडमी निघाली, मग हळूहळू बाकी देशांनी तसंच केलं, आणि 2010 मध्ये ग्लोबल यंग अकॅडमी सुरू झाली, तिचं ऑफिस जर्मनीतल्या हाले गावात आहे. जास्तीत जास्त 200 मेंबर, पाच वर्षांची मुदत, मग बाहेर, म्हणजे खुर्चीला कुणी चिकटून बसू शकत नाही (हे आपल्याकडच्या संस्थांनी शिकावं). आपल्या देशात इन्सा (इंडियन नॅशनल सायन्स अकॅडमी) ही 1935 पासूनची जुनी अकॅडमी, तिनेच 2014 मध्ये तरुणांसाठी इन्यास (इंडियन नॅशनल यंग अकॅडमी ऑफ सायन्सेस) काढली. इटलीतल्या ट्रिएस्टची ट्वास (वर्ल्ड अकॅडमी ऑफ सायन्सेस), जी नोबेलवाले पाकिस्तानी शास्त्रज्ञ अब्दुस सलाम यांनी 1983 मध्ये विकसनशील देशांसाठी उभी केली, तीही चाळिशीपर्यंतच्या लोकांना यंग अ‍ॅफिलिएट म्हणून घेते.

आता कुणी कुठे बघायचं. बीएस्सी-एमएस्सीला असाल तर देशातल्या तीन सायन्स अकॅडमी मिळून समर रिसर्च फेलोशिप देतात, दोन महिने चांगल्या लॅबमध्ये काम करायला मिळतं, कॉलेजचे शिक्षकही त्याला अर्ज करू शकतात आणि आपल्याकडे ते फारसं कुणी करत नाही. पीएचडीला असाल आणि वय 35 च्या आत असेल तर जर्मनीतल्या लिंडाऊची नोबेलवाल्यांची बैठक, 1951 पासून चालू आहे ती, पण तिथे नॉमिनेशन लागतं. इन्यास, ट्वास, ग्लोबल यंग हे पीएचडीनंतर काही वर्षं स्वतःचं काम उभं राहिल्यावरचं.

पण माझं स्पष्ट मत आहे की फॉर्म ही शेवटची गोष्ट. या तरुण अकॅडम्या पेपर तर बघतातच, पण त्याशिवाय लॅबच्या बाहेर तुम्ही काय केलं हे बघतात, आणि तिथे पुण्या-बंगळूरच्या पोराकडे नसलेली एक गोष्ट तुमच्याकडे आहे, ती म्हणजे असा प्रश्न जो तुम्ही रोज बघता आणि दिल्लीत कुणाला त्याची कल्पना नाही. नंदुरबारच्या पोराने सिकलसेल, म्हणजे आई-बापाकडून येणारा रक्ताचा आजार, धरावा, 2023 मध्ये केंद्राने 2047 पर्यंत तो संपवायचं मिशन काढलंय, पण धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यावर तपासणी झाल्यावर पुढे कार्ड हातात पडतं का, लग्न जमवताना ते कुणी बघतं का, हे तिथला माणूसच सांगणार. भूगर्भशास्त्रवाल्याने सातपुड्याच्या पायथ्याचा बझाडा, म्हणजे डोंगरातून वाहून आलेल्या दगडगोट्या-वाळूचा पाणी मुरणारा पट्टा धरावा.

मी केळीचं उदाहरण घेतो. रावेर-यावलमध्ये सीएमव्ही (कुकुंबर मोझॅक व्हायरस), म्हणजे शेतकरी ज्याला हरण्या म्हणतात तो विषाणूचा रोग, आला की पानावर पिवळे पट्टे पडतात आणि आख्खं झाड उपटून फेकावं लागतं. मावा तो पसरवतो, काकडीवर्गीय पिकं आणि बांधावरचं तण त्याला आसरा देतं, आणि रोपातूनही तो येऊ शकतो. आता टिश्यूकल्चर रोपांसाठी केंद्राच्या जैवतंत्रज्ञान विभागाची सर्टिफिकेशन पद्धत 2006 पासून आहे, विषाणूची चाचणी करून लेबल लावायचं अशी. म्हणजे विज्ञान आहे, नियम आहे, मधला सांधा तपासायचाय: रोप घेताना शेतकरी लेबल मागतो का, मागितलं तर मिळतं का, नर्सरीवाला काय सांगतो. हे फिरून विचारा, तारखेसकट वहीत लिहा. या एका वहीला पॉलिसीच्या जगात किंमत आहे.

मग त्यावर दोन पानी टिपण लिहायचं. दोनच. थिसिसची भाषा इथे चालत नाही. "सीएमव्हीच्या नियंत्रणासाठी सर्वंकष उपाययोजना करणे आवश्यक आहे" असं लिहिलं तर साहेब मान डोलावतील आणि कागद फायलीत जाईल. त्याऐवजी "मृगबागेच्या लागवडीआधी तालुका कृषी कार्यालयाने रोपं विकणाऱ्या प्रत्येकाकडून चाचणीच्या दाखल्याची प्रत घेऊन ती फलकावर लावावी" असं लिहा. कुणी, काय, कधी, हे तिन्ही एका वाक्यात आलं पाहिजे. जे पक्कं माहिती नाही तेही सरळ लिहा, आकडा फुगवू नका, एकदा पकडले गेलात की पुढच्या वेळी कुणी कागद हातात घेत नाही. टिपण आधी तालुक्याला द्या, मग जिल्ह्याला, पोच घ्या, आणि मग त्याचंच इंग्रजी करून ठेवा.

आता जगाच्या टेबलावर थेट बसायचा एक रस्ता, जो फार कमी जणांना माहिती असतो. हवामानबदलाचे जे आयपीसीसीचे (संयुक्त राष्ट्रांच्या हवामान समितीचे) रिपोर्ट येतात त्यांचा मसुदा तपासायला रिव्ह्यूअर म्हणून कुणीही संशोधक स्वतःहून नाव नोंदवू शकतो, आपलं ज्ञान कशात आहे ते स्वतःच जाहीर करायचं, कुणाची शिफारस लागत नाही, आणि रिपोर्टच्या शेवटी नाव छापून येतं. 2018 मध्ये समुद्र आणि बर्फावरच्या रिपोर्टचा मसुदा तरुण संशोधकांच्या संघटनांनी मिळून गटाने तपासला होता. तुम्हीही चार जण जमवा, एकेक चॅप्टर वाटून घ्या. कॉमेंट लिहिताना पान नंबर, ओळ नंबर, काय चुकलं, त्याऐवजी काय लिहावं, आधार कुठला, एवढंच. मसुदा मात्र गुप्त असतो, व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा नाही. आपल्या सरकारचंही तसंच, पर्यावरणाच्या नियमांचा मसुदा निघाला की हरकतींना साधारण 60 दिवस असतात, त्यात गावातून गेलेली मुद्देसूद हरकत वेगळी दिसते.

एवढं दोन-तीन वर्षं केलं की मग फॉर्म. तिथे "मला समाजसेवेची आवड आहे" टाइप वाक्य नको, टिपणाची तारीख, कुणाला दिलं, त्यातून काय झालं, काहीच झालं नसेल तर का नाही झालं, हे लिहा. शिफारसपत्र देणाऱ्या सरांना तीन आठवडे आधी गाठा आणि तुमच्या कामाचे पाच मुद्दे लिहून द्या, नाहीतर ते "होतकरू व मेहनती" लिहून मोकळे होतात. एखादा फॉर्म गाईडला न आवडलेल्या विषयावर असेल तर गाईडशी भांडू नका, थिसिसचं काम आणि हे काम वेगळं ठेवा, पण लपवूही नका.

आणि पैशाचं आधीच सांगतो, मेंबर झालं म्हणजे पगार सुरू होत नाही, बहुतेक काम फुकटचं आणि मीटिंगा रात्री, कारण युरोप-अमेरिकेच्या वेळेत असतात. लोडशेडिंगचा टाइम बघून इन्व्हर्टर चार्ज ठेवा. परदेशातल्या परिषदेत पेपर असेल तर विमानभाड्याला सरकारी योजना आहे, पूर्वी एसईआरबी या केंद्राच्या संशोधन मंडळाची होती, आता त्याच्या जागी आलेल्या एएनआरएफकडे बघायचं. पासपोर्ट आजच काढा, निवड झाल्यावर पोलीस व्हेरिफिकेशनच्या मागे पळण्यात व्हिसाची तारीख जाते.