दुसऱ्याचं गाणं गाजतंय आणि आपल्याला सलतंय, तेव्हा

माझ्या गिटार क्लासमधल्या दोन मुलांचं गेल्या महिन्यात वाजलं. एकाचं गाणं मोबाईलवर जिकडेतिकडे वाजू लागलं आणि दुसऱ्याने क्लासला येणंच सोडलं. त्याला घरी बोलावून जे करायला लावलं ते लिहितो. एकोणिसाव्या वर्षी आमच्या बँडला हरवणाऱ्या पोरांचं गाणं लागलं की मी खोलीतून उठून जायचो. त्या वर्षभरात माझ्या हातून एकही नवी चाल झाली नाही.

म्हणून आधी ते गाणंच ऐकायचं. हेडफोन लावून, वही घेऊन. 'भारी', 'फालतू' असलं काही लिहायचं नाही. बेस (खालच्या जाड स्वरांची गिटार) कुठे शिरतो, ठेका कुठे थांबतो, कुठली कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) अनपेक्षित आली, एवढंच टिपायचं.

हे मी ब्रायन विल्सनकडून शिकलो. डिसेंबर १९६५ मध्ये इंग्लंडच्या बीटल्स बँडची 'रबर सोल' ही रेकॉर्ड आली तेव्हा अमेरिकेतल्या बीच बॉइज बँडची गाणी रचणारा हा पोरगा २३ वर्षांचा होता. बीटल्समध्ये गाणारा आणि बेस वाजवणारा पॉल मॅकार्टनी त्याच्याहून फक्त दोन दिवसांनी मोठा. अख्ख्या रेकॉर्डवर भरतीचं एकही गाणं नाही, हे त्याला झोंबलं. (त्याने ऐकली ती अमेरिकेत निघालेली आवृत्ती, तिच्यातली गाणी थोडी वेगळी आहेत, शक्यतो तीच ऐका.) पण उत्तर देताना त्याने बीटल्सची नक्कल केली नाही. लॉस एंजलिसचे कसलेले स्टुडिओ वादक बोलावले, अकॉर्डियन, सायकलची घंटा, शेवटी स्वतःच्या कुत्र्यांचं भुंकणंसुद्धा घेतलं. १६ मे १९६६ ला 'पेट साउंड्स' निघाली.

तिच्यातलं 'गॉड ओन्ली नोज' तीनदा ऐका. एकदा नुसतं. दुसऱ्यांदा फक्त बेसच्या मागे जा: कॉर्डच्या मूळ स्वरावर न बसता तो भलत्याच स्वरावर उभा राहतो, त्यामुळे गाणं अधांतरी तरंगतं. तिसऱ्यांदा शेवटी एकमेकांत गुंफलेले आवाज मोजायचा प्रयत्न करा. मग बीटल्सच्या १९६७ च्या 'सार्जंट पेपर'मधलं 'विथ अ लिटल हेल्प फ्रॉम माय फ्रेंड्स' लावा आणि मॅकार्टनीचा बेस कसा स्वतःची वेगळी चाल गातो ते बघा. विल्सनकडून आपण काय घेतलं हे मॅकार्टनीने जाहीरपणे, पुन्हा पुन्हा सांगितलंय. मला त्याचं हे सांगणं त्या रेकॉर्डइतकंच मोठं वाटतं.

वही भरली की ते गाणं बंद. पुढचे पंधरा दिवस ते ऐकायचं नाही, त्याचे व्ह्यूज बघायचे नाहीत. टिपलेल्यातली एकच युक्ती घ्यायची आणि स्वतःच्या चालीत मुरवायची. चाल पुरी करायची तारीख आधी ठरवायची, कारण विल्सनची पुढची रेकॉर्ड 'स्माइल' १९६७ मध्ये अर्धवटच राहिली. मनाचं आजारपण, अमली पदार्थ, बँडमधली भांडणं, कंपनीशी कोर्टकचेरी, सगळं एकदम आलं; एकट्या चुरशीवर खापर फोडू नये. पण सर्वांत मोठं काहीतरी करायचंय या ओझ्याखाली माणूस तुकडेच जोडत बसला. ते काम त्याने पुरं केलं २००४ मध्ये.

आणि समोरच्याशी तारखेची कुस्ती नको. १४ ऑगस्ट १९९५ ला ब्लर आणि ओएसिस या दोन ब्रिटिश बँडांनी एकाच दिवशी सिंगल (एका गाण्याची सुटी रेकॉर्ड) काढली. ब्लरच्या २,७४,००० प्रती खपल्या, ओएसिसच्या २,१६,०००. वर्तमानपत्रांची चंगळ झाली. ती दोन्ही गाणी मला त्या बँडांच्या चांगल्या कामात धरवत नाहीत.

शेवटचं काम सर्वांत जड. समोरच्याला फोन करायचा आणि वहीतली एक नेमकी गोष्ट सांगायची. नुसतं 'अभिनंदन' चालणार नाही.

माझ्या विद्यार्थ्याने सांगितलं, "दुसऱ्या कडव्यात तू ठेका काढून घेतलास ना, तिथे मी अडकलो." पलीकडून उत्तर आलं, "तो काढायला मला तीन दिवस लागले रे." मग दोघं अर्धा तास बोलत होते. त्याची स्वतःची चाल अजून अंतऱ्यापाशी अडलीय. रविवारी आम्ही तिच्यावर बसणार आहोत.