टायरचे वण कसे वाचायचे

अपघाताच्या जागी पोहोचलात की आधी रस्ता बघा. गाड्या कुठे पळून जात नाहीत, वण मात्र रहदारीखाली बघता बघता पुसट होतात. पंचनाम्याला बावीस वर्षं टेप धरली, म्हणून सांगतोय.

उकिडवे बसून तिरप्या नजरेने बघा. ब्रेक करकचून लागला की वण फिका सुरू होतो आणि गडद होत संपतो. जागेवरून गाडी रेटून पळवली तर उलट, सुरुवात काळीकुट्ट आणि पुढे विरत जाणारी. वळलेल्या वणात तिरप्या बारीक रेघा दिसल्या, तर चाक फिरत असताना गाडी आडवी घसरलीय. त्याला ब्रेकचं गणित लावू नका. सरळ वण मध्येच झटका खाऊन वाकला, की बहुतेक तिथेच धडक. खडू मारा, फोटो काढा.

मोजताना फिकी सुरुवात सापडेपर्यंत मागे चाला. नवा होतो तेव्हा मी फक्त काळा भाग मोजला, चार मीटर खाल्ले. साहेबांनी भर उन्हात परत पाठवलं.

सपाट रस्त्यावर चारही चाकं जाम झाली असतील तर वणाच्या लांबीचे मीटर गुणिले घर्षणांक (रस्ता टायरला किती धरतो तो आकडा) गुणिले २५४, त्याचं वर्गमूळ म्हणजे ताशी किलोमीटरमधला वेग. कोरड्या डांबराला ०.७ धरला, तर २० मीटरला ताशी सुमारे ६० किलोमीटर. हा किमान वेग. धडकेत जिरलेला यात नाही. ओल्या रस्त्यावर घर्षणांक उतरतो.

एबीएसच्या, म्हणजे ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या गाडीचा वण फार पुसट, कधी दिसतच नाही. तेव्हा ‘ब्रेक मारलाच नाही’ असं लिहून मोकळे होऊ नका.