चौघांचं विमान तिकीट शोधलं की दरमाणशी भाडं वाढतं? माझा अनुभव

पुणे–दिल्ली, आम्ही दोघं आणि दोन मुलं. गूगल फ्लाइट्सवर एक प्रवासी टाकला की भाडं 5,200. चार टाकले की त्याच विमानाचं दरमाणशी 6,400. वाटलं, साइट माझे आधीचे शोध बघून भाडं वाढवतेय. इनकॉग्निटो विंडो, कुकीज पुसणं, मध्यरात्री शोधणं, सगळं करून झालं. तीन संध्याकाळी पाण्यात.

कारण भलतंच निघालं. एकाच विमानातल्या जागा वेगवेगळ्या दरांच्या गटांत विकतात. स्वस्त गटात चार जागा उरल्या नसतील, तर चौघांनाही वरचा दर लागतो.

मग प्रवासी 4 वरून 3 केले, भाडं तेच. 2 केल्यावर 5,200. म्हणजे स्वस्त जागा दोनच! विमान क्रमांक टिपून घेतला. विमान कंपनीच्या साइटवर आधी माझं आणि थोरलीचं बुकिंग पूर्ण केलं, लगेच त्याच विमानात बायको आणि धाकट्याचं, 6,400 नं. एकूण 2,400 वाचले.

मुलांचं वेगळं बुकिंग करू नका, प्रत्येकात एक मोठं माणूस हवंच. पीएनआर दोन होतात, त्यामुळे तारीख बदलायची तर दोन्हींत बदलावी लागते. जागाही शेजारी मिळतीलच असं नाही; धाकटा आईजवळ सहा रांगा पुढे बसला, आणि खूश होता.