ज्येष्ठांचे थांबलेले मतदान पुन्हा कसे सुरू करावे

अनेक वर्षे न चुकता मतदान करणारी व्यक्ती सत्तरी ओलांडल्यावर मतदानाच्या दिवशी घरीच थांबू लागली, की तिला राजकारणाचा वीट आला असावा असे घरचे लोक गृहीत धरतात. प्रत्यक्षात अडचण बहुधा अगदी नेमकी आणि लहान असते, मात्र ती सांगायला संकोच वाटतो. त्यामुळे कर्तव्यावर व्याख्यान देण्याआधी एवढेच विचारावे, की शेवटचे मतदान कधी केले आणि त्या दिवशी काय झाले होते. यादीत नाव सापडले नाही, उन्हात ताटकळावे लागले, जिना चढवला नाही, यंत्रासमोर गोंधळ झाला आणि मागचे लोक कुरकुरले, अशांपैकी एखादे उत्तर निघते आणि पुढचे काम त्यावरूनच ठरते. ‘माझ्या एका मताने काय होणार’ हे उत्तर मिळाले तरी लगेच वाद घालू नये, कारण त्याच्या आड वरीलपैकीच एखादे कारण दडलेले असू शकते. शंका खरोखरच तेवढी असेल, तर २०२४ मध्ये वायव्य मुंबई लोकसभा मतदारसंघाचा निकाल अवघ्या ४८ मतांनी लागला होता, हे सांगणे पुरेसे आहे.

यानंतर मतदार यादी पाहावी. कपाटात जपून ठेवलेले ओळखपत्र म्हणजे मतदानाचा हक्क, असा समज घरोघरी आढळतो; परंतु यादीत नाव नसेल तर त्या ओळखपत्रावर मतदान करता येत नाही. निवडणूक आयोगाच्या मतदार सेवा पोर्टलवर किंवा आयोगाच्या मोबाइल ॲपवर नाव शोधता येते आणि १९५० या क्रमांकावर दूरध्वनी करूनही चौकशी करता येते. नाव वगळले गेले असेल तर नमुना ६ भरून पुन्हा नोंदणी करावी, आणि पत्ता बदलला असेल किंवा नोंदीत चूक असेल तर नमुना ८ भरावा. उमेदवारी अर्ज दाखल करण्याची मुदत संपल्यानंतर त्या निवडणुकीसाठी यादीत नाव घालता येत नाही, म्हणून हे काम निवडणुकीची चाहूल लागण्याआधीच उरकावे.

पत्ता बदलण्याचा प्रश्न मात्र वाटतो तितका कारकुनी नसतो. मुलाकडे किंवा मुलीकडे शहरात राहायला आलेल्या आजी-आजोबांचे नाव गावच्या यादीत असते, आणि ते हलवणे म्हणजे गावाशी उरलेला शेवटचा कागदोपत्री धागा तोडणे, असे त्यांना वाटते. कायद्याने नाव एकाच ठिकाणी ठेवता येते आणि तेही जिथे आपण सर्वसाधारणपणे राहतो तिथे. हे त्यांना समजावून सांगावे, पण त्यांच्या नकळत परस्पर अर्ज भरू नये. ज्याचे मत, त्याचा निर्णय, हे सूत्र इथपासूनच पाळावे लागते.

बाहेर पडणेच शक्य नसेल तर गृहमतदानाचा विचार करावा. लोकसभा आणि विधानसभा निवडणुकीत ८५ वर्षांवरील मतदारांना, तसेच किमान ४० टक्के दिव्यांगत्व असलेल्या मतदारांना घरूनच टपाली मतपत्रिकेने मतदान करता येते. वयाची ही अट आधी ८० वर्षे होती, ती २०२४ मध्ये वाढवण्यात आली. यासाठी नमुना १२-डी भरून द्यावा लागतो आणि निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून त्याला जेमतेम पाच दिवस मिळतात, त्यामुळे आपल्या भागातील बीएलओचा, म्हणजे मतदान केंद्रस्तरीय अधिकाऱ्याचा, दूरध्वनी क्रमांक आधीच मिळवून ठेवणे शहाणपणाचे. ठरलेल्या दिवशी मतदान पथक घरी येते, मतदार गुप्तपणे मतपत्रिकेवर खूण करतो आणि ती पाकिटात बंद होते. त्या वेळी घरच्यांनी खोलीबाहेर थांबावे. मात्र हा पर्याय मंजूर झाल्यावर केंद्रावर जाऊन मतदान करता येत नाही, आणि महापालिका किंवा जिल्हा परिषदेच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेत असल्याने तिथे हीच सोय मिळेल असे गृहीत धरू नये.

चालता-फिरता येत असेल तर केंद्रावर जाणेच बरे, असे माझे मत आहे. चार ओळखीचे चेहरे भेटतात आणि बाहेर पडायला निमित्त मिळते. आदल्या दिवशी एकाने केंद्र पाहून यावे आणि रॅम्प, चाकाची खुर्ची, बसायची जागा यांची चौकशी करावी. ज्येष्ठांना रांगेत प्राधान्य देण्याच्या सूचना असतात, तेव्हा तसे विचारण्यात कमीपणा मानू नये. उमेदवाराच्या गाडीतून मात्र जाऊ नये. मतदारांची फुकट ने-आण करण्यासाठी उमेदवाराने वाहन पुरवणे कायद्याने भ्रष्ट आचरण ठरते, शिवाय जुन्या वळणाच्या माणसाला त्या उपकाराचे ओझे वाटते ते वेगळेच.

ज्यांनी शेवटचे मतदान कागदावर शिक्का मारून केले, त्यांच्यासाठी यंत्राची ओळख घरीच करून द्यावी. चिन्हासमोरचे निळे बटण दाबायचे, दिवा लागतो, शेजारच्या व्हीव्हीपॅट यंत्राच्या काचेमागे चिठ्ठी सात सेकंद दिसते आणि लांबलचक बीप ऐकू येतो, हा क्रम कागदावर चित्र काढून दोनदा समजावला की यंत्राची धास्ती पुष्कळ कमी होते. दृष्टी अधू असेल किंवा अशक्तपणामुळे स्वतः बटण दाबता येत नसेल, तर मतदान केंद्राध्यक्षांच्या परवानगीने किमान १८ वर्षांचा सोबती आत नेता येतो. सोबत्याने मतदाराने सांगितलेलेच बटण दाबावे आणि ते कोणते होते, हे बाहेर कोणालाही सांगू नये. तसे लेखी कबूलही करावे लागते. इथे कुटुंबाची खरी परीक्षा होते. कोणाला मत द्यावे हे आडून सुचवण्याचा मोह मुलांना होतोच, आणि तो एकदा लक्षात आला की पुढच्या वेळी ती व्यक्ती पुन्हा घरीच थांबते.

मतदार ओळखपत्र हरवले असेल तर आधार, पॅन, छायाचित्र असलेले बँक पासबुक किंवा पेन्शनचे कागदपत्र चालते. केवळ मतदार चिठ्ठी पुरत नाही. घरी परतल्यावर यादीचा भाग क्रमांक आणि अनुक्रमांक वहीत टिपून ठेवावा, आणि पुढच्या निवडणुकीआधी तो पुन्हा यादीशी ताडून पाहावा, कारण याद्यांची पुनर्रचना झाली की केंद्रही बदलू शकते.