मधुमेह आहे? दर अर्ध्या तासाला बैठक मोडा

सकाळी पाऊण तास चालून आलं की दिवसभर खुर्चीत बसायला मोकळे, असा हिशेब बरेच जण करतात. मधुमेहात तो चुकतो. मांड्या-पोटऱ्यांचे स्नायू हलत असताना इन्शुलिनची फारशी मदत न घेताही रक्तातली साखर ओढून घेतात. आपण बसलो की हे काम थंडावतं आणि जेवणानंतर चढलेली साखर लवकर उतरत नाही. चढी साखर आणि चढा रक्तदाब हेच तर मूत्रपिंडातल्या बारीक गाळण्यांचे मोठे शत्रू.

म्हणून आधी बसण्याला हात घाला. मोबाइलवर 30 मिनिटांचा गजर लावा. वाजला की 3 मिनिटं सावकाश चाला. जागा नसेल तर खुर्ची धरून टाचा उचला, गुडघे आळीपाळीने वर घ्या, अर्ध्या बैठका काढा. नुसतं उभं राहण्यापेक्षा याचा फायदा जास्त. जेवणानंतरची 10-15 मिनिटं मात्र चुकवू नका, साखर तेव्हाच चढत असते. उठताना चक्कर येत असेल तर आधी मिनिटभर पाय हलवा, मग उभे राहा.

त्याखेरीज आठवड्याला 150 मिनिटं मध्यम व्यायाम हवा. मध्यम म्हणजे बोलता येतं, पण गाता येत नाही, इतका. सलग दोन दिवसांहून जास्त खंड पडू देऊ नका. सवय नसेल तर 5-10 मिनिटांपासून सुरू करा. 2-3 दिवस स्नायूंचे व्यायामही करा, पण श्वास रोखून वजन उचलू नका. रक्तदाब एकदम चढतो. डोळ्यांच्या पडद्याला मधुमेहाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वजनाला हातच लावू नका.

इन्शुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी चालू असेल तर व्यायामाआधी साखर मोजा. 90 (mg/dL) च्या खाली असेल तर काहीतरी खाऊन निघा. 250 च्या वर असून कीटोन्सही (इन्शुलिन कमी पडल्यावर चरबी जळून तयार होणारी आम्लं) असतील तर त्या दिवशी व्यायाम नको. मूत्रपिंड कमजोर झालं की इन्शुलिन शरीरात जास्त वेळ टिकतं, त्यामुळे साखर व्यायामानंतर काही तासांनी, अगदी रात्रीसुद्धा घसरू शकते. 70 च्या खाली गेल्यास 3 चमचे साखर पाण्यात घालून घ्या आणि 15 मिनिटांनी पुन्हा मोजा.

गुडघे दुखले म्हणून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक परस्पर घेणं ही सर्रास होणारी चूक. या गोळ्या मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा कमी करतात. सोबत रक्तदाबाची आणि लघवी वाढवणारी औषधं असतील तर धोका आणखी वाढतो. दुखत असेल तर चालणं कमी करा, बूट बदला, डॉक्टरांना विचारा. घरी आल्यावर तळपाय रोज बघा. बधिर पायाला फोड कळत नाही. सवय नसताना एकदम जोराचा व्यायाम केला आणि लघवी काळ्या चहासारखी झाली, तर वाट न बघता दवाखाना गाठा.

लघवीतल्या अल्ब्युमिनची (एक प्रथिन) आणि रक्तातल्या क्रिएटिनिनची (मूत्रपिंड बाहेर टाकतं तो टाकाऊ पदार्थ) तपासणी निदान वर्षातून एकदा होते. त्याआधीचे 24 तास दमवणारा व्यायाम टाळा, नाहीतर अल्ब्युमिन खोटंच वाढलेलं दिसतं. लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन गुणोत्तर 30 (mg/g) च्या आत हवं. एकदा जास्त आलं म्हणून घाबरून व्यायाम सोडू नका. 3 ते 6 महिन्यांतल्या तीनपैकी दोन नमुन्यांत वाढ दिसली, तरच ती खरी धरतात.