इंटिरिअर डिझाइनच्या वर्गात नवे सुचावे म्हणून: कोकणातील शिक्षकांसाठी

रत्नागिरी, चिपळूण, कुडाळ अशा गावांत इंटिरिअर डिझाइन शिकवणाऱ्यांना एक अडचण नेहमी जाणवते. विषय दिला की विद्यार्थी मोबाइल उघडतात आणि शहरी फ्लॅटमधले तेच फॉल्स सीलिंग, तीच राखाडी भिंत शीटवर उतरते. माझ्या मते दोष क्रमाचा आहे. चित्र आधी दिसते आणि जागा नंतर. हा क्रम उलटा करणे शिक्षकाच्या हातात असते.

त्यासाठी पहिला प्रकल्प मोजमापाचा ठेवावा. घरमालकांची परवानगी घेऊन विद्यार्थ्यांना एखाद्या जुन्या, जांभ्याच्या कौलारू घरात टेप आणि वही देऊन पाठवावे आणि पडवी, ओटी, माजघर, स्वयंपाकघर यांचा प्लॅन (वरून दिसणारी मांडणी) व सेक्शन (उभा छेद) 1:50 प्रमाणात काढायला लावावा. लांबी-रुंदीवर मात्र थांबू देऊ नये. ओटीच्या कडेवर बसल्यावर पाय सहज टेकतात, ती उंची किती आहे, कोनाडा भिंतीच्या जाडीत किती आत गेला आहे, हेही मोजावे. माजघरात काचेच्या कौलातून पडणारा उन्हाचा तुकडा कसा सरकतो, त्याची जमिनीवर तासातासाने खडूने खूण करावी. मग विचारावे, ‘दुपारी आजी तांदूळ निवडायला बसल्या, तर कुठे बसतील?’ या प्रश्नाचे उत्तर शोधताना विद्यार्थी मांडणीचा विचार आपणहून करू लागतात.

दुसरा सराव साहित्याचा. 1919 मध्ये जर्मनीतील वायमार येथे सुरू झालेल्या बाउहाउस या कला-डिझाइनच्या शाळेत शिक्षक जोसेफ आल्बर्स विद्यार्थ्यांना नुसता कागद देत आणि तो फारसा वाया न घालवता, घड्या व काप यांतून रचना उभी करायला लावत. आपल्याकडे कागदाच्या जागी सुंभ किंवा बांबूच्या कांबी द्याव्यात. साहित्य एकच, गोंद व खिळे वर्ज्य, आणि तयार होणाऱ्या वस्तूने माणसाचे वजन पेललेच पाहिजे. बंधन जितके नेमके, तितक्या वाटा वेगळ्या निघतात. पावसाळ्यात साध्या प्लायचे तुकडे आणि लोखंडी स्क्रू पडवीत ठेवून कडा कशा फुगतात, खाऱ्या हवेत गंज कसा धरतो, हेही पाहू द्यावे. त्यानंतर आयएस 303 आणि आयएस 710 ही भारतीय मानके, म्हणजे साधा प्लाय आणि मरीन प्लाय, यांतला फरक पाठ करावा लागत नाही.

चर्चेच्या वेळी शिक्षकाने विद्यार्थ्याच्या शीटवर आपली पेन्सिल चालवू नये, याबाबत मी आग्रही आहे. सरांची रेघ एकदा उमटली की विद्यार्थी तीच गिरवत बसतो. एकाच जागेचे तीन आराखडे मागावेत, प्रत्येकाचे पुठ्ठ्याचे मॉडेल करून घ्यावे आणि दोन बाद का केले, ते त्याच्याच शब्दांत लिहून घ्यावे.

अंतर्गत गुणांपैकी निदान 40 टक्के या बाद आराखड्यांसह ठेवलेल्या फाइलला द्यावेत आणि तसे सत्राच्या पहिल्याच दिवशी सांगावे, नाहीतर सगळी मेहनत शेवटच्या रंगीत शीटवर खर्ची पडते. ज्युरीत, म्हणजे काम तपासणाऱ्या परीक्षकांत, वास्तुविशारदासोबत गावातला एक अनुभवी सुतार जरूर असावा. खण उघडताना गुडघा कुठे जाणार, हे तो लगेच विचारतो. त्याचा दिवसाचा रोज बुडतो, म्हणून मानधनाची तरतूद आधीच करून ठेवावी.